घराची ड्रेनेज लाईन बदलायचीय? कॉन्ट्रॅक्टर निवडताना काय काय बघायचं

पुणे, नाशिक, कोल्हापूर, सांगली कुठेही जा, 1970 ते 90 च्या दरम्यान बांधलेले बंगले, रो हाऊस, आठ-दहा फ्लॅटच्या छोट्या सोसायट्या, या सगळ्यांच्या जमिनीखालच्या ड्रेनेज लाईन आता एकेक करून बोलायला लागल्यात. बहुतेक ठिकाणी खाली चिनी मातीचे पाईप आहेत, प्लंबर लोक ज्याला एसडब्ल्यू म्हणतात ते, दोन-अडीच फुटी तुकडे आणि प्रत्येक जोडावर सिमेंटचा मसाला. पाईप स्वतः सडत नाही की गंजत नाही, पण जोड उघडतो. खाली काळी माती असेल तर ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, पाईप दरवर्षी थोडा वर थोडा खाली होतो आणि सिमेंटचा जोड काही वाकत नाही, तो तडकतो. मग त्या फटीतून ओल बाहेर जाते, ओलीच्या मागे पिंपळाची नाहीतर उंबराची मुळी आत येते, आणि एक दिवस खालचा संडास फ्लश केला की पाणी बाथरूमच्या जाळीतून वर येतं.

असं झालं की माणूस घाईत असतो. घरात वास, बायकामुलं वैतागलेली, आणि त्या घाईत जो पहिला येईल आणि कमी रेट सांगेल त्याला काम दिलं जातं. माझं कळकळीचं सांगणं एवढंच आहे की दोन-चार दिवस जेटिंग (जोराच्या पाण्याच्या फवाऱ्यानं लाईन साफ करणं) करून कशीतरी कळ काढा पण कॉन्ट्रॅक्टर नीट निवडा, कारण रंगकाम किंवा फरशी चुकली तर डोळ्याला दिसते, ड्रेनेजवर एकदा माती पडली की आत काय केलंय ते कोणालाच दिसत नाही. म्हणून जो माणूस माती टाकायच्या आधी सगळं उघडं दाखवायला तयार असतो त्यालाच काम द्यायचं, बाकी सगळे निकष त्याच्यानंतर.

आधी लाईन खरंच गेलीय का ते बघा

एकच संडास तुंबत असेल आणि बाकी सगळं नीट वाहत असेल तर दोष त्या संडासच्या ट्रॅपमध्ये, म्हणजे वास अडवायला पाणी धरून ठेवणाऱ्या वळणात, किंवा तिथून चेंबरपर्यंतच्या तुकड्यात असतो, त्यासाठी अख्खी लाईन उखडायची गरज नाही. तळमजल्याचं सगळंच एकदम तुंबत असेल तर मेन लाईन. फक्त जोराच्या पावसातच पाणी उलटं येत असेल तर गच्चीचं पावसाचं पाणी कोणीतरी ड्रेनेजमध्ये सोडलंय किंवा रस्त्यावरची पालिकेची लाईनच भरून उलटी येतेय, आणि या दोन्हीत तुमचा पाईप बदलून काडीचा फरक पडणार नाही.

चेंबरची झाकणं घराकडून रस्त्याकडे एकेक करून उघडा. एक चेंबर भरलेलं आणि त्याच्या पुढचं कोरडं असेल तर अडचण त्या दोघांच्या मधे आहे. सगळीच भरलेली असतील, रस्त्याजवळचं शेवटचंसुद्धा, तर आधी पालिकेत तक्रार टाका, कॉन्ट्रॅक्टरला नंतर बोलवा. झाकण उघडल्यावर लगेच वाकून तोंड आत घालू नका, थोडा वेळ हवा जाऊ द्या, आणि चेंबरजवळ काडी-सिगरेट अजिबात नको.

लाईन साफ करून घेतल्यावर काही महिन्यांत परत त्याच जागी तुंबत असेल, चेंबरमध्ये माती-मुरूम येत असेल, अंगणातली फरशी किंवा पेव्हिंग ब्लॉक एका रेषेत खचत असतील, जोत्याजवळ बारा महिने ओल असेल, तर मात्र लाईन गेलीय असं धरा. तरीपण खोदायच्या आधी कॅमेरा टाकून घ्या. मोठ्या शहरात आता ड्रेनेजमध्ये कॅमेरा घालणारे मिळतात, आधी जेटिंग करून लाईन धुवायची, मग कॅमेरा. व्हिडिओ तुमच्या मोबाईलवर किंवा पेन ड्राईव्हवर मागून घ्या आणि त्यात कॅमेरा किती मीटर आत गेला तो आकडा दिसला पाहिजे, नाहीतर फुटलेली जागा दिसते पण ती तुळशीवृंदावनाखाली आहे का गेटखाली ते कळत नाही. आणि शक्यतो कॅमेरावाला आणि खोदणारा वेगळा ठेवा. जो खोदून पैसे कमावणार आहे त्याला सगळीकडे खोदायची गरज दिसणं स्वाभाविक आहे, त्याला वाईट म्हणत नाही मी, पण निदान आणि ऑपरेशन दोन्ही एकाच्या हातात नको.

लाईन कोणाची आणि परवानगी कोणाची

तुमच्या कंपाउंडच्या आतलं सगळं तुमचं. बाहेर पालिकेच्या चेंबरला जिथे जोडणी होते तो तुकडा रस्त्याखाली असला तरी घरजोडणी म्हणून बहुतेक वेळा खर्च तुमच्याच गळ्यात येतो, आणि तिथे खोदायला रस्ता खोदाईची परवानगी लागते. पुण्यात त्यासाठी क्षेत्रीय कार्यालय, मुंबईत वॉर्ड ऑफिस, नगरपालिका असेल तर बांधकाम विभाग. जोडणीचं काम पालिकेचा परवाना असलेल्या प्लंबरकडून करून घ्यावं लागतं, अर्जावर त्याची सही लागते. कॉन्ट्रॅक्टरला पहिल्याच भेटीत विचारा, परवानाधारक प्लंबर कोण, त्याचा परवाना चालू आहे का, अर्ज कोण करणार, खोदाईचे पैसे कोण भरणार. "ते आपण रात्रीत उरकून टाकू, कोणी विचारत नाही" असं म्हणणारा माणूस तिथेच नको म्हणा. पालिकेनं काम थांबवलं तर उघडा खड्डा तुमच्या दारात राहतो आणि दंडाची नोटीस मालकाच्या नावानं येते, त्याच्या नाही.

वेळेचंही बघा. पावसाळ्याच्या तोंडावर पालिका रस्ते खोदायला परवानग्या बंद करतात, त्यामुळे एप्रिलच्या शेवटी जागं होऊन उपयोग नाही. दिवाळीनंतर ते मार्चपर्यंत हे काम करून घ्यायचं, जमीन कोरडी असते, खड्ड्यात पाणी लागत नाही आणि चांगले मिस्त्रीही मोकळे सापडतात.

सोसायटी असेल तर सहकार खात्याच्या आदर्श उपविधींमध्ये ड्रेनेज लाईन आणि सेप्टिक टँकची दुरुस्ती सोसायटीनं तिच्या खर्चानं करायच्या कामांत आहे, म्हणजे तळमजल्यावाल्यांच्या घरात पाणी येतंय म्हणून त्यांनीच पैसे काढा हे चालत नाही. सभेत ठराव करा, कोटेशन सभेपुढे ठेवा आणि मगच काम द्या. नंतरची भांडणं यातूनच वाचतात.

माणूस शोधायचा कुठे

ऑनलाईन नंबर भरपूर मिळतात पण त्यातले बरेच जण बाथरूम फिटिंगवाले असतात, नळ-शॉवर उत्तम बसवतात, जमिनीखालच्या लाईनचं काम वेगळं आहे. त्यात खोदाई आहे, लेव्हल आहे, गवंडीकाम आहे, वरून परत कोबा नाहीतर ब्लॉक बसवणं आहे. तुमच्याच भागात कोणाची लाईन बदलली गेलीय ते विचारा, पाईपचं होलसेल दुकान असेल तिथे विचारा की जमिनीखाली टाकायचे एसएन पाईप नियमित कोण नेतं, परवानाधारक प्लंबरला विचारा. तीन नावं मिळाली तरी पुष्कळ.

नाव मिळालं की त्यानं केलेलं जुनं काम बघायला जा, आणि जुनं म्हणजे मागच्या महिन्यातलं नाही, दोन पावसाळे खाल्लेलं. नवीन काम सगळ्यांचंच छान दिसतं. तिथे जाऊन घरमालकाला चेंबरचं झाकण उघडायची विनंती करा. चेंबरच्या तळाला सिमेंटची अर्धगोल पन्हाळ केलेली असते, पाणी त्यातून सरळ पळतं का तळाला डबकं साचलंय, एवढं बघितलं तरी निम्मं कळतं. पन्हाळीच्या दोन्ही बाजूचं सिमेंटचं काम, म्हणजे बेंचिंग, पन्हाळीकडे उतरतं आणि गुळगुळीत घोटलेलं असेल तर मैला अडकत नाही. आणि त्या मालकाला एक प्रश्न नक्की विचारा, काम झाल्यावर काही अडचण आली तेव्हा फोन केला तर माणूस आला का?

पहिल्या भेटीत त्याच्याकडे बघत रहा

माझ्या मते इथेच निवड होते. तुम्ही काही बोलू नका, तो काय करतो ते बघा.

आमच्या गल्लीत एका ताईंच्या घरी तीन जण बघायला आले होते. पहिल्यानं गेटपासून मागच्या संडासापर्यंत पावलं टाकली, "साठ फूट धरा ताई" म्हणाला आणि रनिंग फुटाचा रेट सांगून गाडीला किक मारली. दुसऱ्यानं फोटोच मागवले. तिसरा मिस्त्री आला तो पहार घेऊन, एकेक झाकण स्वतः उचललं, मोबाईलची बॅटरी आत मारली आणि म्हणाला, "ताई, जरा वरचा फ्लश मारायला सांगा कोणाला तरी." वर फ्लश झाला, हा खाली चेंबरशी बसून पाणी कधी येतं, किती जोरात येतं ते बघत होता. मग किचनच्या सिंकमध्ये बादलीभर पाणी ओतायला लावलं, ते आलंच नाही या चेंबरमध्ये, शोधल्यावर कळलं की किचनची लाईन शेजारच्या बोळातून वेगळीच जाते. हे त्या घरात राहणाऱ्यांनाही माहीत नव्हतं. त्यानंतर त्यानं पाण्याची लेव्हल ट्यूब काढली, पोराला एक टोक धरायला लावलं, आणि कंपाउंडच्या भिंतीवर खिळ्यानं रेघा ओढत मागच्या चेंबरपासून रस्त्याच्या चेंबरपर्यंत तळाची पातळी किती उतरते ते काढलं. वहीत लिहून घेतलं. रेट त्या दिवशी सांगितलाच नाही, दोन दिवसांनी लिहून पाठवला.

काम कोणाला द्यायचं हे सांगायला लागू नये. जो मोजत नाही तो अंदाजानं रेट देतो, आणि अंदाज चुकला की त्याची भरपाई तुमच्या पाईपमधून, वाळूमधून, खोलीमधून करतो.

ढाळ, ज्याच्यावर सगळं अवलंबून आहे

ड्रेनेजला पंप नसतो, पाणी फक्त उतारावर चालतं. जुने मिस्त्री एक सोपं गणित वापरतात, 4 इंची लाईनला 40 ला 1 आणि 6 इंचीला 60 ला 1. म्हणजे 4 इंची पाईपला दर 10 फुटांना 3 इंच उतार, 6 इंचीला दर 10 फुटांना 2 इंच. तुमची लाईन 60 फूट असेल तर 4 इंचीला दीड फूट खाली जावं लागतं आणि 6 इंचीला एक फूट. आता रस्त्यावरच्या पालिकेच्या चेंबरचा तळ किती खोल आहे ते बघा, तेवढी जागा मिळतेय का? रस्त्यावर डांबराचे थर चढून चढून घरं खाली गेलीयत, पण पालिकेच्या पाईपची खोली आहे तीच आहे, त्यामुळे रस्ता उंच दिसतो म्हणून घाबरू नका, चेंबरच्या तळाशी टेप टाकून मोजा. जागा कमी असेल तर 4 इंचीला 55-60 ला 1 पर्यंत चालवता येतं, उतार त्याहून कमी झाला की पाण्याला मैला ओढून न्यायची ताकद राहत नाही.

कॉन्ट्रॅक्टरला सरळ विचारा, "ढाळ किती देणार?" उत्तर आकड्यात आलं पाहिजे. "देतो की बरोबर, तीस वर्षं हेच करतोय" हे उत्तर नाही. आणि एकूण उतार बरोबर असूनही मधे पोट पडलं तर काम वायाच. गल्लीतल्याच एका काकांच्या अंगणात पाईप अर्ध्या-अर्ध्या विटांवर टेकवून ठेवलेले, खाली वाळू नाही, वरून उकरलेलीच दगडगोट्याची माती लोटून संध्याकाळपर्यंत सगळं बंद. पहिल्या पावसाळ्यात माती बसली, पाईप दोन विटांच्या मधे झोळीसारखा लोंबला आणि त्या झोळीत कायमचं पाणी आणि गाळ. काकांना सगळं परत उखडावं लागलं आणि तोपर्यंत तो ठेकेदार फोन उचलायचा बंद झाला होता.

म्हणून पाईपखाली सलग, निदान 4 इंच वाळू किंवा क्रश सँड, पाईपच्या दोन्ही बाजूंना ती पायानं दाबून भरलेली, आणि पाईपवर वीतभर तरी मऊ भराव झाल्यावरच उकरलेली माती, तीही थराथरानं पाणी मारून आणि धुम्मसानं ठोकून. हे कोटेशनमध्ये लिहून आलं पाहिजे. जिथे गाडी वरून जाणार आणि पाईप फार खोल नाही तिथे पाईपभोवती काँक्रीट करायचं का तेही तेव्हाच ठरवा. कॉन्ट्रॅक्टर म्हणाला की वाळूचं काय काम, पाईप मजबूत आहे, तर त्याला नमस्कार करा.

पाईप कुठला

इथे सगळ्यात जास्त फसवाफसवी होते आणि ओळखणं मात्र सोपं आहे, कारण पाईपवर सगळं छापलेलं असतं. इमारतीला बाहेरून उभे असतात ते राखाडी एसडब्ल्यूआर पाईप (हे पीव्हीसीचे, वरच्या चिनी मातीच्या एसडब्ल्यूशी संबंध नाही), आयएस म्हणजे भारतीय मानक 13592 चे. त्यात टाईप ए पातळ असतो, तो पावसाच्या पाण्याला आणि व्हेंटला (लाईनला हवा देणाऱ्या उभ्या पाईपला), आणि टाईप बी संडास-सांडपाण्याला. जमिनीखाली टाकायला वेगळा पाईप येतो, आयएस 15328 चा, बहुतेक विटकरी-नारिंगी रंगाचा, आणि त्यावर एसएन 2, एसएन 4, एसएन 8 असं लिहिलेलं असतं. एसएनचा आकडा मोठा तेवढा पाईप वरच्या मातीच्या आणि गाडीच्या दाबाला जास्त कडक. घराच्या अंगणात एसएन 4, आणि पार्किंग किंवा गेटखालून जात असेल तर एसएन 8 मागा. साईज मिलिमीटरमध्ये असते, 110 म्हणजे आपलं 4 इंची, 160 म्हणजे 6 इंची.

कोटेशनमध्ये नुसतं "4 इंची पीव्हीसी पाईप, चांगल्या कंपनीचा" असं लिहिलेलं असेल तर त्याला काही अर्थ नाही, त्यात शेतीचा पातळ पाईपही बसतो आणि बसवतातही. आयएस नंबर, एसएन, साईज, कंपनी हे चारही लिहून घ्या आणि माल आला की उतरवतानाच छापील अक्षरांचा फोटो काढा. माल स्वतः आणून द्यायचा विचार असेल तर तोही चांगला, फक्त मग जोड गळला की पाईप तुमचा होता म्हणून हात वर करतात, त्यामुळे जबाबदारी कोणाची ते लिहा.

फिटिंगचं एकच सांगतो, काटकोनी बेंड आणि सरळ टी जमिनीखाली नको. वळण घ्यायचं तर 45 चे दोन बेंड, जोड घ्यायचा तर इंग्रजी वायच्या आकाराचा तिरका जोड. जिथे दिशा बदलते किंवा दुसरी लाईन येऊन मिळते तिथे चेंबर हवंच, आणि घराला चिकटून जिथे चेंबरला जागा नाही तिथे साफ करायला झाकण असलेला डोअर बेंड. किचन आणि बाथरूमचं पाणी गली ट्रॅपमधून (घराबाहेर जमिनीत बसवलेला, पाणी धरून ठेवणारा ट्रॅप) चेंबरला जावं, म्हणजे झुरळं आणि वास घरात येत नाही. व्हेंट पाईप आहे का ते विचारा. लाईनला वरून हवा नसेल तर फ्लशच्या ओढीनं ट्रॅपमधलं दोनेक इंच पाणी खेचलं जातं, गुडगुड आवाज येतो आणि मग गटारीचा वास थेट बेडरूममध्ये. पुष्कळ ठिकाणी जुना व्हेंट पाईप रंगकामाच्या वेळी काढून टाकलेला असतो आणि लोक वासासाठी वर्षानुवर्षं फिनेल ओतत राहतात.

झाकणं फायबर काँक्रीटची घेतलीत तर त्यावरही ग्रेड असतो, अंगणात चालायला एलडी 2.5, कार जाणार असेल तर निदान एमडी 10, ट्रक-टेम्पो येत असेल तर एचडी 20, हा आकडा टनात आहे.

आणि पाण्याची लाईन. हे मी ठळक करून लिहिलं असतं. पिण्याच्या पाण्याची लाईन ड्रेनेजच्या वरून आणि बाजूला अंतर सोडून गेली पाहिजे, एकाच चरात शेजारी-शेजारी किंवा ड्रेनेजच्या खालून कधीच नाही. आपल्याकडे पाणी दिवसातून ठराविक वेळच येतं, नळ बंद असताना लाईनमध्ये दाब नसतो, आणि तेव्हा बारीकशा गळतीतूनही बाहेरची घाण आत ओढली जाते. कावीळ, टायफॉईड, गॅस्ट्रो हे सगळं असंही पसरतं. जुनी पाण्याची लाईन खोदताना चुकीच्या जागी सापडली तर त्याच खर्चात थोडी भर घालून ती हलवून घ्या.

कोटेशन वाचायचं कसं

तीन कोटेशन आली की लोक शेवटचा आकडा बघतात. शेवटचा आकडा बघूच नका आधी. एकात राडारोडा उचलणं धरलेलं असतं, दुसऱ्यात नसतं. एकात जुनं चेंबर तसंच ठेवून पाईप जोडणार आहे, दुसऱ्यात चेंबर नवीन, आतून घोटून प्लास्टर. एकात जीएसटी धरून, एकात वेगळा. तुम्ही स्वतः एका कागदावर कामाची यादी करा, किती फूट लाईन, किती खोली, चेंबर किती आणि कुठल्या मापाची, पाईप कुठला, वाळू, भराव, कोबा-ब्लॉक पूर्ववत करणं, रस्ता परवानगी, राडारोडा, काम चालू असताना संडासची तात्पुरती सोय, आणि तीच यादी तिघांना द्या, म्हणजे तुलना खरी होते.

एक गोष्ट आधीच लिहून घ्या ती म्हणजे कातळ. पुण्यात बऱ्याच भागांत दोन-तीन फुटांवर काळा दगड लागतो, कोकणात जांभा, आणि मग "साहेब, ब्रेकर लागला, ज्यादाचे पैसे" सुरू होतं. त्याचं म्हणणं खोटं नसतं, दगड आधी दिसत नाही. पण दगड लागला तर फुटाला किती जास्त, हा रेट काम सुरू व्हायच्या आधीच ठरलेला पाहिजे, अंगण उघडं पडल्यावर घासाघीस करायची ताकद तुमच्याकडे राहत नाही.

फारच स्वस्त कोटेशन आलं तर रागावू नका, त्याला बसवून विचारा की काय काय धरलंय. कधी कधी खरंच त्याचा खर्च कमी असतो, जवळ राहतो, स्वतः राबतो. पण बहुतेक वेळा वाळू आणि चेंबर गायब असतात.

पैसे आणि कागद

अर्धे पैसे ॲडव्हान्स मागितले तर देऊ नका. माल आणायला थोडे, खोदाई होऊन पाईप लेव्हलमध्ये बसल्यावर थोडे, टेस्ट पास झाल्यावर थोडे, पूर्ववत केल्यावर थोडे, आणि दहा टक्के एक पावसाळा जाईपर्यंत हातात. चांगला कॉन्ट्रॅक्टर या शेवटच्या दहा टक्क्यांना कुरकुर करेल पण ऐकेल, कारण त्याला माहीत असतं लाईन खचणार नाही. पैसे बँकेतून किंवा यूपीआयनं द्या, रोख दिले तर सही घ्या.

साधा करार लिहा, वकील नसला तरी चालेल, महाराष्ट्रात आता 500 रुपयांचा स्टॅम्प लागतो. कामाची यादी, रेट, दिवस, हप्ते, गॅरंटी किती वर्षं आणि कशाची, हे दोन पानांत येतं. गॅरंटीत "ढाळ, जोड आणि खचणं" हे तीन शब्द असू द्या, नुसतं "कामाची गॅरंटी" लिहिलं की नंतर सगळं तुमच्या वापराच्या चुकीवर जातं. पुढे बिनसलंच तर जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, आणि तिथे हाच कागद, फोटो आणि पैसे दिल्याचा पुरावा कामाला येतो.

खाली उतरणारी माणसं

हा भाग वाचल्याशिवाय कोणाला काम देऊ नका. कॉन्ट्रॅक्टरला विचारा, तुंबलेलं चेंबर किंवा सेप्टिक टँक कसा रिकामा करणार? उत्तर जेटिंग मशीन किंवा सक्शन टँकर हेच हवं. "पोरगा उतरेल की आत" असं म्हणाला तर तो माणूस बाद. 2013 च्या कायद्यानं सुरक्षा साधनांशिवाय माणसाला गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरवणं गुन्हा आहे, पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा 2 लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि काम करून घेणारा मालकही त्यातून सुटत नाही. 2023 मध्ये सुप्रीम कोर्टानं अशा मृत्यूंची भरपाई 10 लाखांवरून 30 लाख केली. पण कायदा सोडा, आतल्या हायड्रोजन सल्फाईडनं माणूस दोन श्वासांत कोसळू शकतो, जास्त प्रमाणात असला की त्याचा वासच येईनासा होतो त्यामुळे सावध व्हायलाही वेळ मिळत नाही, आणि त्याला वाचवायला उतरलेला दुसराही जातो. आपल्या घरच्या घाणीसाठी कोणाचं लेकरू जाऊ नये.

चर पाच फुटांपेक्षा खोल जाणार असेल तर बाजूच्या मातीला फळ्या आणि टेकू लागतात, उकरलेली माती चराच्या काठावर न रचता लांब टाकायची, रात्री बॅरिकेड आणि लाईट. मजुरांचा विमा आहे का ते विचारा. आणि खोदायच्या आधी महावितरणची केबल आणि गॅसची पाईपलाईन, पुण्यात एमएनजीएल आणि मुंबईत महानगर गॅस, कुठून गेलीय ते त्यांच्याकडून माहीत करून घ्यायची जबाबदारी कोणाची ते ठरवा. पहारीचा एक घाव चुकीच्या जागी बसला की काय होतं ते वेगळं सांगायला नको.

माती टाकायच्या आधी

करारात एक वाक्य नक्की घाला, "मालकाने बघितल्याशिवाय चर बुजवायचा नाही." त्या दिवशी सुट्टी काढा, घरात दुसरं कोणी असेल तर त्यांना सांगून ठेवा.

तीन टेस्ट आहेत आणि तिन्हीला विशेष यंत्र लागत नाही. एका चेंबरमध्ये बॅटरी आणि दुसऱ्यात आरसा धरायचा, पाईप सरळ असेल तर आरशात पूर्ण गोल उजेड दिसतो, अर्धा दिसला तर मधे कुठेतरी पोट किंवा वाक आहे. दुसरी, पाईपच्या आतल्या व्यासापेक्षा अर्धा इंच लहान गुळगुळीत चेंडू वरच्या चेंबरमधून सोडायचा, तो न अडखळता खालच्या चेंबरला आला पाहिजे. तिसरी पाण्याची, खालच्या टोकाला प्लग लावून लाईन पाण्यानं भरायची आणि वरच्या चेंबरमध्ये खूण करून ठेवायची, अर्ध्या तासानं पातळी उतरली तर कुठलातरी जोड गळतोय. नवीन विटांचं चेंबर थोडं पाणी पितं, त्यामुळे ते आधी भिजवून घ्या. जोड उघडे असतानाच गळती सापडते आणि दहा मिनिटांत दुरुस्त होते.

सगळं ठीक असेल तर टेप पसरून चराचे फोटो काढा, प्रत्येक जोड, प्रत्येक वळण, पाण्याची लाईन जिथे आडवी जाते ती जागा. आणि कॉन्ट्रॅक्टरकडून एक हातानं काढलेला नकाशा घ्या, घराच्या कोपऱ्यापासून प्रत्येक चेंबर किती फुटांवर आणि तळ किती खोल, बाण काढून ढाळाची दिशा. त्याच्यावर त्याची सही आणि तारीख. हा नकाशा दिल्याशिवाय शेवटचा हप्ता द्यायचा नाही, आणि मिळाला की एक प्रत लाईटच्या मीटर बॉक्समध्ये चिकटवून ठेवा, पुढे बोअर मारायला किंवा गेटचा खांब रोवायला जो कोणी येईल त्याला आधी ती दाखवायची.